पिवळ्या पिल्लाचं नाक

मी एक जुनं जनुक आहे, मित्रांनो. जुनी छत्री, जुना पंखा, जुनी सायकल यांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. त्यांना निदान अंग असतं, त्यावर गंज चढतो, बघणारा हळहळतो. माझ्या नशिबात तेही नाही. मी इतका लहान आहे की मला कुणी ओवाळलं नाही आणि कुणी लाथही मारली नाही. मी कुत्र्यांच्या अंगात राहतो. त्यांच्याच डोळ्यांनी बघतो, त्यांच्याच कानांनी ऐकतो. माझं काम एकच, केसांत उतरणारा काळा रंग अडवणं.

माझा जन्म एका चुकीतून झाला. प्रत्येक प्राणी आपल्या पिल्लांना आपल्या जनुकांची नक्कल देतो. फार पूर्वी कुठल्याशा कुत्र्याच्या अंगात अशी नक्कल उतरताना एक अक्षर चुकलं आणि मी तयार झालो. माझं धडधाकट भावंड काळा रंग केसांत सोडतं. मला ते जमत नाही. तुमच्या वर्गातही एखादा असतोच, ज्याला दार उघडायला सांगावं आणि तो कडी लावून बसतो. तसाच मी.

नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत मी बरीच वर्षं काढली, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. शेडच्या टोकाला पाण्याची टाकी असते. टाकीतून नळी निघते आणि मध्ये कॉक असतो. कॉक उघडा असेल तरच पाणी कोंबड्यांपर्यंत पोचतं. कुत्र्याच्या अंगातही असंच आहे. एक जनुक टाकीत काळी शाई भरतं. दुसरं हुकूम सोडतं की सगळ्या अंगावर काळंच पाहिजे. तिसरी जागा कॉकची, तिथे मी. प्रत्येक जागेवर दोघं बसतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. माझ्या शेजारी माझं धडधाकट भावंड असलं की ते कॉक उघडून टाकतं आणि मी असून नसल्यासारखा होतो. पण आईकडूनही मीच आलो आणि बापाकडूनही मीच आलो, तर कॉक बंद. मग टाकी काठोकाठ भरलेली असो, हुकूम कितीही कडक असो, केस पिवळेच येतात.

नाकाची वाट मात्र वेगळी. तिथे मला अडवता येत नाही. म्हणून काळ्या शाईच्या घरातल्या माझ्या पिवळ्या पिल्लाचं नाक काळं असतं. हे नाक ध्यानात ठेवा, मित्रांनो.

पोल्ट्रीचा मालक रतिलाल. तो मूळचा शहाद्याकडचा. केळीचे मळे भावांच्या हवाली करून तो इकडे आला आणि त्याने गुजरातच्या हद्दीला लागून शेड टाकल्या. एका हिवाळ्यात त्याच्या कोंबड्यांत रोग शिरला आणि शेडच्या शेड रिकाम्या कराव्या लागल्या. तेव्हा कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की ही नजर आहे, फाटकात एकरंगी काळं कुत्रं ठेव, पांढरा केस एकही नको. रतिलाल तडक सुरतेला गेला आणि लॅब्राडोर जातीची एक जोडी घेऊन आला. मादी काजल आणि नर बादशा. घेण्याआधी त्याने दोघांचे केस बोटांनी विंचरून पाहिले होते. पांढरा केस सापडला नाही. मी दोघांच्याही अंगात एकेकटा बसलो होतो, मग मी त्याला कसा सापडणार?

त्या जोडीचं फार कौतुक झालं. पुढच्या वर्षी शेडमध्ये रोग आला नाही, त्याचं श्रेय औषधाला न मिळता कुत्र्यांच्या रंगाला मिळालं. आजूबाजूचे शेडवाले येऊन काजलच्या पाठीवरून हात फिरवत. रतिलाल छाती फुगवून आपल्या अहिराणीत सांगे, "दखा, काजळ शे काजळ! इना पोटे काळाशिवाय दुसरा रंग येवावच नही." त्याने किती जणांना काळी पिल्लं कबूल करून ठेवली होती, ते त्यालाच ठाऊक. मी आतून ऐकत होतो. खरं सांगतो, मला राग येत होता. जिथे तिथे काळ्याचा उदोउदो, आणि मी त्याच घरात राहून बेदखल.

कुत्र्यांचं सगळं दावीद बघत असे. तो शेडवर कामाला होता. त्याची बायको एस्तेर आणि तो शेडलगतच्या खोलीत राहत. ती दोघं जवळच्याच डोंगरातली, ख्रिस्ती घरातली. घरात ती आपल्या बोलीत बोलत, ते मी इथे पुस्तकी मराठीत सांगतो. शेठशी मात्र त्यांना शेठच्या अहिराणीत बोलावं लागे.

दावीदचं रोजचं पहिलं काम म्हणजे छाट काढणं. सकाळी बादली घेऊन तो शेडमधून फिरे. पाय वाकडा असलेलं, मान टाकलेलं, वाढ खुंटलेलं पिल्लू दिसलं की उचलायचं, मान ओढायची आणि बादलीत टाकायचं. मग मागच्या खड्ड्यात ओतून वर चुना पसरायचा. दावीद हे काम तोंड फिरवून करी. हात सरावलेले होते, डोळे नव्हते.

रतिलालची सगळी अक्कल या शेडमध्ये तयार झालेली. त्याच्याकडे येणारी कोंबडीची पिल्लं एकसारखी, वाढून होणाऱ्या कोंबड्या एकसारख्या पांढऱ्या. पांढऱ्यापासून पांढरं. हजारांच्या लॉटमध्ये वेगळं काही दिसलं तर ते छाटायचं. त्याला वाटे, देवाचा कारभारही हॅचरीसारखाच आहे. त्या पांढऱ्या कोंबड्यांच्या अंगात माझ्यासारखीच कुणी जनुकं काळे, तांबडे, ठिपक्यांचे रंग दाबून बसलेली होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने कोंबडीला विचारून खात्री करून घेतली असती.

काजल माजावर आली तेव्हा रतिलालने तिला आणि बादशाला खाद्याच्या गोडाऊनमध्ये कोंडलं. कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कंबरेच्या करदोट्यात अडकवली. दावीद खिडकीच्या गजांतून भाकरी टाकी आणि नळी आत सोडून पाणी भरी. त्या दिवसांत आत एक माशी शिरली असती तरी ती रतिलालला विचारून शिरली असती.

मग एका सकाळी भाताच्या तुसावर काजल व्याली. एस्तेर तिच्या जवळ बसली होती. पाच पिल्लं काळी निघाली आणि दोन पिवळी. त्या दोघांत आईकडचा मी आणि बापाकडचा मी पहिल्यांदाच भेटलो. किती पिढ्या मी काळ्या केसांखाली दबून काढल्या होत्या! मला वाटलं, आता माझंही कौतुक होईल. एस्तेरने केलं खरं. तिने एक पिवळं पिल्लू ओंजळीत घेतलं, त्याचं अंग पुसलं आणि हसली. दावीद मात्र दारातच थबकला. त्याला शेठ माहीत होता.

रतिलाल आला, वाकला आणि तसाच राहिला.

"हाई काय शे?"

"पिल्लं शेत, शेठ," दावीद म्हणाला. "बठ्ठी चांगली शेत, सगळी."

"हाई पिवळं कोठून उनं? काळी माय, काळा बाप, नि पिवळं पिल्लू! माले येडा समजस का?"

रतिलालने फाटकाकडे बोट केलं.

"तू फाटक उघाडं ठेयं. तो लाल्या घुसना."

लाल्या म्हणजे मोगराबाईचा कुत्रा. मोगराबाई पलीकडच्या पाड्यावर राहणारी म्हातारी. ती शेडवरची तडकलेली अंडी नेऊन बाजारात विके आणि तिच्यामागे हा तांबूस पिवळा लाल्या येऊन फाटकाबाहेर बसे. रंग पिवळा, एवढाच त्याचा पुरावा.

"नही शेठ," दावीद हळूच म्हणाला. "गोडाऊनले कुलूप व्हतं. किल्ली तुम्हनाच कंबरले व्हती."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते बोलायला नको होतं. चुकलेल्या माणसाला आपली चूक दाखवणाऱ्याइतका दुसऱ्या कुणाचा राग येत नाही. रतिलालचा चेहरा लाल झाला.

"मन्हावर ढकली ऱ्हायना? कुत्री बाटेल शे! नि बाटेल घरनं खाईसन दुसरं काय व्हई?"

बाटेल म्हणजे बाटलेली. एस्तेर तिथेच होती. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. दावीदच्या वडिलांनी येशूचं नाव घेतलं तेव्हा भरबाजारात त्यांच्या पाठीवर हाच शब्द पडला होता, आणि लग्न होऊन आल्यावर सासूने तो तिला सांगून ठेवला होता, म्हणजे पुढे कधी कानावर आला तर लागू नये. तरी लागला. तिने पिल्लू खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"त्या दोन्ही छाटी टाक," रतिलाल दावीदला म्हणाला आणि कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलून बाहेर गेला.

बाहेर लाल्या शेपटी हलवत बसला होता. पाइप त्याच्या मागच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गोडाऊनपर्यंत आला. मोगराबाई अंड्यांची टोपली टाकून ओरडत धावली, "मन्हा कुत्रानी तुन्हं काय खादं रे?" रतिलालने उत्तर दिलं नाही. त्याच्या मते उत्तर तर गोडाऊनमध्ये आईला लुचत पडलं होतं.

मित्रांनो, लाल्याचा पिवळा रंग माझा नव्हे. आमची साधी ओळखही नाही. लाल्याच्या अंगात कॉक उघडा आहे. त्याच्याकडे सगळं काळं करण्याचा हुकूम नाही, म्हणून तो तांबूस पिवळा. माझ्या पिल्लांच्या अंगात हुकूम आहे, शाई आहे, फक्त कॉक बंद. वरून दोन पिवळे सारखे दिसतात. आत बघायची तसदी कोण घेतो?

दावीदने एक पिल्लू उचललं. खोली गेली तर एस्तेरला घेऊन कुठे जायचं, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असणार. पण सवय वाईट असते. त्याने तोंड फिरवलं आणि मान ओढली. कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोडा जास्त जोर लागला. त्या पिल्लात मी दोनदा होतो, आणि दोन्हीकडून विझलो.

दुसरं पिल्लू त्याने उचललं तेव्हा ते त्याचं बोट चोखायला लागलं. दावीद खाली बसला.

"एक केलंस ना?" एस्तेर म्हणाली. "आता हात धू. हे माझ्याकडे दे."

"शेठला कळलं तर?"

"शेठ चुन्यात हात घालून मोजणार आहे का?" तिने पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. "आणि याचं नाक बघ. काळं कुळकुळीत. काजल-बादशाचंच आहे हे. मला कुणी काही सांगू नका."

सगळ्या नवापुरात एवढं एक वाक्य खरं बोललं गेलं आणि ते ऐकायला होतो दावीद आणि मी.

पिल्लू पदरात गुंडाळून एस्तेरने मोगराबाईकडे पोचवलं. मोगराबाई तेव्हा लाल्याच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधत होती. तिने पिल्लाला बोटाने शेळीचं दूध चाटवलं आणि नाव ठेवलं हळदी. ज्याच्यावर बाप असल्याचा आळ आला, त्याच लाल्याच्या कुशीत हळदी वाढली. लाल्याचा पाय वाकडाच जुळला. तो तीन पायांवर उड्या मारत चाले आणि हळदी त्याच्या मागे चार पायांवर लंगडत चाले, कारण चालण्याची रीत तिने त्याच्याकडूनच घेतली होती. बघणाऱ्यांना हसू येई. मलाही आलं असतं.

इकडे काजलने कितीतरी दिवस चुन्याचा खड्डा उकरला. तिचं नाक भाजलं, पंजे सोलवटले. रतिलालने तिला साखळी लावली. काळी पिल्लं कबूल केलेल्या शेडवाल्यांकडे गेली. मग त्याने एका जाणत्याला बोलावून काजलवरून लिंबू उतरवला, गोमूत्र शिंपडलं, गळ्यात काळा दोरा बांधला आणि जाहीर केलं की आता कुत्री शुद्ध झाली. ज्या अंगात काहीच बिघडलं नव्हतं, ते त्याने दुरुस्त करून घेतलं. पुढच्या माजाला त्याने तिला बांधूनच ठेवलं.

हळदी मोठी झाली. संध्याकाळी मोगराबाईबरोबर शेडकडे आली की ती मागच्या जाळीपाशी जाई. जाळीच्या आत काजलचं ताट असे. काजल ताट नाकाने ढकलत जाळीला भिडवी आणि हळदी खालच्या फटीतून जीभ घालून उरलंसुरलं चाटी. मायलेकी एकमेकींना ओळखत होत्या की नाही, हे मला विचारू नका. एवढंच सांगतो की दुसऱ्या कुठल्या कुत्र्यासाठी काजलने ताट ढकललं नाही. दावीद हे बघे आणि ताटात मुद्दाम जास्त वाढी.

त्यानंतरच्या माजाला पुन्हा पिल्लं घ्यायचं ठरलं. पण त्याच दिवसांत बादशाला ताप भरला. रतिलालने त्याला बाजूला बांधलं आणि काजलला एकटीला गोडाऊनमध्ये कोंडून किल्ली कंबरेला लावली. एका दुपारी खाद्याचा ट्रक आला. कुलूप रतिलालनेच काढलं, शटर त्यानेच वर केलं. तेवढ्यात त्याला फोन आला. नवापूरच्या आडव्या डोंगरांत फोन धड लागत नाही, म्हणून तो बोलत बोलत पार रस्त्यापर्यंत गेला. शटर उघडंच. आणि लाल्या तीन पायांवर उड्या मारत आत गेला.

दावीद शेडच्या दारात बादली घेऊन उभा होता. त्याने पाहिलं, दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. मागच्या वेळी त्याने जे केलंच नव्हतं, त्याची शिक्षा त्याला मिळाली होती. आता शेठने जे केलं होतं ते शेठला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तो मुकाट्याने मागे फिरला.

बादशा बरा झाल्यावर रतिलालने त्याला गोडाऊनमध्ये सोडलं, पण वेळ टळून गेली होती. काजलने त्याला दात दाखवले. रतिलाल बाहेर तंबाखू मळत निर्धास्त बसला होता. कुलूप लावलं म्हणजे काम झालं, अशी त्याची समजूत.

आता काय झालं असेल, सांगा बरं? पिवळ्या लाल्याची पिल्लं, म्हणजे पिवळी?

सगळी काळी! एकूण एक काळी, काजळासारखी. लाल्याने प्रत्येक पिल्लाला आपला उघडा कॉक दिला. काजलने प्रत्येकाला सगळं काळं करण्याचा हुकूम दिला, आणि हुकूम एकच असला तरी पुरतो. काही पिल्लांत आईकडून मीही आलो, पण एकटा. लाल्याच्या उघड्या कॉकपुढे माझी काय पत्रास! म्हणजे बघा, मित्रांनो, पहिल्या वेळी काजल खरोखर लाल्याकडे गेली असती, तर एकही पिल्लू पिवळं झालं नसतं. ती दोन पिवळी पिल्लं हाच तिच्या खरेपणाचा पुरावा होता, आणि त्या पुराव्यातल्या एकाला मान पिरगाळून चुन्यात पुरलं होतं.

रतिलालने पेढे वाटले. एकेक पिल्लू उचलून उजेडात धरलं, केस विंचरले. "हाई खरी जात!" तो दावीदला म्हणाला. "दखं? फाटक बंद ऱ्हायनं का काळंच व्हस." दावीदने मान डोलावली. फाटकाबाहेर पिल्लांचा बाप तीन पायांवर उभा राहून आत डोकावत होता. रतिलालने त्याला दगड मारला.

पिल्लं खेळू लागली तेव्हा उमाकांत नावाचा एक शेडवाला आपलं पिल्लू निवडायला आला. संध्याकाळची वेळ होती. निवडता निवडता त्याचं लक्ष मागच्या जाळीकडे गेलं. आत काजल, बाहेर हळदी, मध्ये ताट.

"रतिलालभाऊ, हाई पिवळी कोनी?" तो हसत म्हणाला. "कपाळ दखा, कान दखा, शेपटी दखा. रंग सोडा, बठ्ठी काजलच शे!"

रतिलाल हसला नाही. उमाकांत पिल्लू घेऊन जाईपर्यंत तो गोड बोलत राहिला. मग त्याने दावीदला बोलावलं. एस्तेरही मागोमाग आली.

"दोन छाटाले सांगेल व्हते. तू एक ठेयी लिधं."

दावीदने नाकारलं नाही.

"माले गावमा हसू करं. हाई पिवळी आठे ऱ्हायनी त मन्ही शुद्ध पिल्लं बी बाटाडी टाकी." त्याने खिशातून एक पुडी काढली. त्यात कोंबडीच्या काळजाचे तुकडे होते आणि त्यांना कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास येत होता. "तुन्हा हाते खास ना ती? दे तिले."

"मन्हाथून हाई व्हणार नही, शेठ."

"मंग आजच खोली खाली कर."

दावीदने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शेठच्या डोळ्यांत बघत होता. "शेठ," तो म्हणाला, "माले एक सांगनं शे. हाई पिवळी..."

आणि तो थांबला. काळी पिल्लं त्याच्या पायाशी आली होती. एक त्याच्या पँटची शिवण ओढत होतं. मला कळलं तो का थांबला. हळदी बादशाची आहे असं म्हटलं तर शेठने विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मग लाल्याची पिल्लं तर काळी झाली हे सांगावं लागलं असतं, त्या दुपारच्या उघड्या शटरची गोष्ट निघाली असती, आणि ही सगळी शुद्ध पिल्लं रातोरात बादलीत गेली असती. एकीला वाचवायचं तर ही सगळी मारायची. एस्तेरने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिलाही तेच दिसलं होतं.

"बोल ना. काय बोली ऱ्हायना व्हता?"

"काही नही, शेठ."

रतिलालला दावीदची गरज पडली नाही. हळदी त्याच्या हातचं खाणार नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्याने ते तुकडे काजलच्या ताटात ठेवले, काजलला साखळीने ओढून घेतलं आणि ताट स्वतःच्या पायाने जाळीपाशी सरकवलं. हळदी पुढे आली. ताट आईचं होतं. रोजच्यासारखी तिने खालून जीभ घातली.

तिकडे धावलेल्या दावीदला रतिलालने पाइप आडवा धरून अडवलं. एस्तेरने जाळीबाहेर जाऊन हळदीच्या तोंडात बोटं घातली, मिठाचं पाणी ओतलं, "हळदी, हळदी" म्हणत राहिली. काही उपयोग झाला नाही. मी तिच्या अंगात शेवटपर्यंत होतो. तिचे पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. तिचे डोळे जाळीतून आत बघत होते आणि मीही त्याच डोळ्यांनी बघत होतो. आत काजल साखळी ताणून उभी होती. मग मला दिसायचं बंद झालं. काजलच्या अंगातल्या मला मात्र पुढचंही सगळं दिसलं.

दावीदने हळदीला चुन्याच्या खड्ड्यात जाऊ दिलं नाही. मोगराबाईच्या परसात मोहाच्या झाडाखाली त्याने खड्डा केला. माती लोटण्याआधी एस्तेरने हळदीचं नाक पदराने पुसलं. पिवळ्या अंगावर ते तसंच काळं होतं. मोगराबाई त्यांच्याच बोलीत म्हणाली, "कुत्रीच ती, पण रोज माझ्या उशाशी झोपायची." आणि मोठ्याने रडली. लाल्या जवळ येऊन माती हुंगत बसला.

खोली सोडायला सांगितलं होतं, ती त्यांनी सोडली. भांडी गोणीत भरून दावीद आणि एस्तेर ऊसतोडीला शहाद्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले. शेडवर नवा माणूस आला आहे. छाट तोच काढतो. तोंड फिरवत नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी संपलो. मी कसला संपतो? त्या शुद्ध काळ्या पिल्लांतल्या काहींच्या अंगात मी एकेकटा बसलो आहे. रतिलालने ती मोठ्या मानाने नवापूरपासून सोनगडपर्यंतच्या शेडवाल्यांना वाटली. प्रत्येकाच्या गळ्यात काळा दोरा आहे. पहिल्या खेपेची काळी पिल्लंही आसपासच आहेत आणि त्यांतल्याही काहींत मी आहे. आज ना उद्या कुणीतरी दोन काळी कुत्री एका गोडाऊनमध्ये कोंडील, किल्ली कंबरेला लावील, आणि एका सकाळी तुसावर एक पिवळं पिल्लू पडलेलं असेल.

जनुकाने कसली विनंती करायची! मला हात नाहीत, जोडणार काय? पण तुम्ही शाळेत जाता, म्हणून सांगतो. त्या सकाळी तिथे कुणीतरी ओरडत असेल की फाटक कुणी उघडं ठेवलं. पाइप शोधला जात असेल. बादली जवळच असेल. तुम्ही तिथे असलात तर पुढे व्हा, पिल्लू ओंजळीत घ्या आणि आधी त्याचं नाक बघा.